भातकापणी बघायला खारेपाटात नक्की कधी जावं?

ठाण्याची_लेक · २३ सप्टेंबर २०२५, रात्री १०.४०

मंडळी, एक सल्ला हवाय. पण त्याआधी थोडं रडगाणं ऐकून घ्यावं लागेल.

आईचं माहेर पोयनाडच्या बाजूला, खारेपाटात (अलिबाग-पेणकडचा खाडीकाठ). आता वय अठ्ठ्याहत्तर. लग्न होऊन ठाण्याला आली त्याला पंचावन्न वर्षं झाली, आणि मामाने जमीन विकली त्यालाही आता वीस होतील. गेल्या वर्षी म्हटलं, चल, कोजागिरीला शेतावर राहून येऊ, पोरांनाही कापणी दिसेल. अलिबागकडे एका ठिकाणी 'हार्वेस्ट फेस्टिवल' होता. नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. हिरवळ, तिच्यावर दिव्यांच्या माळा, आणि एक रंगवलेली बैलगाडी, जिला बैलच नव्हते. पोरांच्या डोक्याला टॉवेल बांधले, हातात एकेक विळा दिला आणि कुंपणालगतच्या टीचभर खाचरात उतरवून म्हणाले, कापा. फोटो झकास आले.

आई बांधावर बसली होती. तिने एक लोंबी ओढून घेतली, दाणा नखाने दाबला. पांढरं पाणी आलं. त्या गणवेशातल्या पोराला म्हणाली, "दाना आजून दुधान हाय. कापला कनाला?"

तो बिचारा हसला. त्याला बहुतेक कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री मसाला दूध, गाणीबिणी सगळं झालं, पण आई त्या दिवशी नीट जेवली नाही. घरी आल्यावरही दोनदा विषय काढला, की हिरवं भात कापलं म्हणून.

तर विचारायचंय ते हे, की खरी कापणी खारेपाटात कधी असते? यंदा कोजागिरी ६ ऑक्टोबरला आहे, तेव्हा मिळेल का बघायला? आणि कुणाच्या शेतावर असं परक्यांनी जाऊन उभं राहिलेलं चालतं का?

*

उगाच_प्रश्न · २३ सप्टेंबर, रात्री ११.०५

आईंना माझा नमस्कार सांगा. एका वाक्यात परीक्षण केलं.

*

पेणची_सून · २४ सप्टेंबर, सकाळी ७.१५

६ तारखेला खारेपाटात काही मिळणार नाही. आमच्या दारासमोर अजून हिरवंगार उभं आहे, आत्ता कुठे निसवतंय (लोंब्या बाहेर पडतायत). कोजागिरीला यायचं तर दूध प्यायला या. कापणीचं दिवाळीनंतर बघू.

*

गणिती_काका · २४ सप्टेंबर, सकाळी ९.३०

लोक कायम इथेच फसतात. कोजागिरी चंद्राच्या हिशेबाने येते आणि भात पावसाच्या. दोघांचं घड्याळ एक नाही.

२०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून कोजागिरी २८ ऑक्टोबरला आली. २०२४ ला १६ ऑक्टोबर. यंदा ६. दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, कारण चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे ती पुन्हा उडी मारून २५ ऑक्टोबरला जाईल.

भाताला यातलं काही ठाऊक नसतं. बी पडल्यापासून ते दिवस मोजतं. जूनच्या मध्याला राब (रोपांसाठीचं बी) पेरला असं धरा. हळवं भात साधारण ११५ दिवसांत, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तयार. निमगरवं १३० च्या आसपास, म्हणजे ऑक्टोबरची अखेर. गरवं १४० किंवा जास्त, म्हणजे थेट नोव्हेंबर. पेरणी मागेपुढे झाली की सगळंच मागेपुढे. खारेपाटात काय लावतात ते तिथल्यांनी सांगावं.

*

बाहेरकाठा · २४ सप्टेंबर, दुपारी ३.५०

तिथला मीच. पाळी संपवून आत्ता घरी आलोय, म्हणून उशीर. सकाळी कंपनी, संध्याकाळी शेत, असा आमच्याकडचा निम्मा गाव आहे.

आधी खारेपाट म्हणजे काय ते सांगतो, कारण बरेच जण 'कोकण' म्हटलं की लाल माती आणि डोंगरउतार डोळ्यांसमोर आणतात. आमची जमीन सपाट, काळी, चिकट. जुन्या माणसांनी खाडीचं पाणी बांध घालून अडवलं आणि आतली जमीन गोडी केली. समुद्राकडच्या मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात (माझं नाव त्यावरूनच). त्यात जागोजागी उघाड्या असतात. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला दार आपोआप मिटतं. पहिला पाऊस वरचं मीठ धुऊन नेतो, मगच लावणी.

पाणी बराच काळ साचून राहतं, म्हणून आमच्याकडे गरव्याकडे कल. हळवं लावलं तर ते पिकून उभं राहणार आणि खाली ढोपरभर चिखल, कापणार कसं? पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, त्यांनी मीठ सोसणाऱ्या पनवेल-१, २, ३ अशा जाती काढल्या, त्यापण इथे चालतात. एकंदरीत नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरा.

आता दुसरा प्रश्न, परक्यांनी यावं का. खरं सांगू? कापणीच्या आठवड्यात आम्हाला आमचे स्वतःचे पाहुणे नको असतात. माणसं मिळत नाहीत. आदिवासी वाडीवरचे कातकरी मजूर कापणीला येतात, पण दिवाळी झाली की ते वीटभट्टीवर निघून जातात, त्यामुळे त्यांच्या जाण्याआधी ज्याला माणूस मिळाला तो राजा. वरून पावसाचं भ्या. अशात कुणी येऊन "दादा, जरा तो भारा परत उचला ना, व्हिडिओ राहिला" म्हटलं, की डोकं फिरतं. मागच्या साली एकाने असं मला तीनदा उचलायला लावला.

पण तुमच्या आईसारखं कुणी येणार असेल तर चहा मी करतो.

*

ठाण्याची_लेक · २४ सप्टेंबर, संध्याकाळी ६.२०

@बाहेरकाठा, मी हे आईला वाचून दाखवलं. 'उघाडी' शब्द ऐकल्यावर ती पंधरा मिनिटं बोलत होती. लहानपणी भावाबरोबर उघाडीवर निवट्या (चिखलातले मासे) पकडायला जायची म्हणे. मला हे कधीच माहीत नव्हतं.

*

सह्याद्री_सायकल · २४ सप्टेंबर, रात्री ८.००

मग नवान्न पौर्णिमा कोजागिरीलाच का? भात तयारच नसेल तर नवं अन्न आणणार कुठून? की हे सगळं नंतर जोडलेलं?

*

पेणची_सून · २४ सप्टेंबर, रात्री ९.४५

नंतर जोडलेलं कसं असेल हो? तुम्ही सगळं शेत एकाच पातळीवर धरताय.

माझं माहेर वरच्या अंगाला, डोंगरपायथ्याला. तिथे वरकस जमिनीवर नाचणी, वरी, आणि उताराच्या खाचरात हळवं भात. ते आश्विनात तयार होतंच. नव्याच्या पुनवेला घरी नवं बांधायचो. आंब्याचं पान, त्यात भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, वरी, कुर्डूचं फूल, झेंडू, सगळं मिळून एक जुडी. पहिली देवाला, मग दाराला, गोठ्याला, कणगीला, विहिरीला. हल्ली भाऊ मोटरसायकलला पण बांधतो. काही घरांत हेच दसऱ्याला करतात. आणि नवं भात म्हणजे काही पातेलंभर नसायचं. जुन्या तांदळात नव्याचे चार दाणे टाकायचे, त्याची खीर. चार दाणे सगळ्यांकडे असतात.

सासरी खारेपाटात आले तेव्हा पहिल्या वर्षी मी पण हेच विचारलं, लोंबी कुठाय? सासूबाई म्हणाल्या, वरच्या गावातून आणायची. आपलं पिकलं की तिकडे पाठवायचं.

*

उगाच_प्रश्न · २४ सप्टेंबर, रात्री १०.१०

"चार दाणे सगळ्यांकडे असतात" हे लिहून ठेवलं.

*

तेरणेकाठचा · २५ सप्टेंबर, सकाळी ८.४०

जरा अवांतर, पण राहवत नाही. शेतावर पाहुणे नकोत हे वाचून गंमत वाटली. आमच्याकडे लातूर-धाराशिवला वेळा अमावस्येला, म्हणजे येळवशीला, शेतावर पाहुणा नसला तर घरच्यांना चुकल्यासारखं वाटतं. ज्याला शेत नाही त्याला दहा जण बोलावतात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, शहरं ओस पडतात. कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, मडक्यातली आंबील, भज्जी, उंडे, तिळाच्या पोळ्या. आंबील पिकावर शिंपडत रानाला फेरी मारायची. यंदा १९ डिसेंबरला आहे.

फरक एवढाच, की ती कापणी नव्हे. ज्वारी पोटऱ्यात, हरभरा घाट्यावर. रान भरलेलं आणि हात रिकामे, म्हणून आम्हाला आदरातिथ्य परवडतं. तुमचं उलटं दिसतंय. (एक दुःख मात्र आहे. सोयाबीनमुळे ज्वारी कमी झाली, आता खोपेला कडबा शेजारच्या गावातून मागून आणावा लागतो.)

*

झाडीची_माणूस · २५ सप्टेंबर, सकाळी ११.२०

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग, भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. एका गावची झाली की दुसऱ्याची, तारखा ठरलेल्या. लेकी-जावई येतात, दिवसा दंडार (लोकनाट्य), रात्री नाटक. गडचिरोलीतलं वडसा म्हणजे तर नाटकवाल्यांचं माहेरघर. हलक्या धानाचे पैसे हातात आलेले असतात आणि भारी धान कापायचं असतं, त्या मधल्या फटीत हे सगळं बसतं. तुम्ही ज्याला हळवं-गरवं म्हणता त्याला आम्ही हलकं आणि भारी म्हणतो. कुणाला खरा सुगीचा उत्सव बघायचा असेल तर नागपूरहून गाडी पकडा.

*

बाहेरकाठा · २५ सप्टेंबर, दुपारी ४.१५

@तेरणेकाठचा, पटलं. आदरातिथ्याला पण हंगाम असतो. आमचा तो पोपटीला. कापणीनंतर ओलीवर वाल टाकतो, जानेवारीत शेंगा भरल्या की मडकं, भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्यांची आग. अर्ध्या तासात तयार. तेव्हा कितीही जण या, कोण नाय म्हणणार नाय.

*

जुना_कुलाबकर · २५ सप्टेंबर, रात्री ९.००

पोयनाडचं नाव निघालंय, तर जवळच्या चरी गावाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२७ ऑक्टोबर १९३३. कापणीचे दिवस. चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी ठरवलं, की खोतांची जमीन कसायची नाही. पुढारी नारायण नागू पाटील. संप चालला १९३९ पर्यंत, सहा पावसाळे! जिथे दर वर्षी लावणी व्हायची ती खाचरं पडीक राहिली. लोकांनी मोळ्या विकल्या, खाडीत मासे धरले, मिळेल ती मजुरी केली, पण नांगर धरला नाही. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला शेतकऱ्यांच्या परिषदेला आले होते. पुढे १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडलं.

हे कापणीशी कसं जोडलंय ते बघा. अर्धेलीने कसणाऱ्या कुळाचा सगळा हिशेब खळ्यावर व्हायचा. झोडणी झाली, रास पडली, की माप घालायला खोताचा माणूस हजर. वर्षभराचं पीक घरात जायच्या आधी खळ्यावरच अर्धं व्हायचं. त्यामुळे आजच्या 'हार्वेस्ट फेस्टिवल'च्या जाहिरातीत "पूर्वीचे आनंदाचे दिवस" वाचलं की मला जरा हसू येतं. ज्यांच्या राशीचं माप दुसरा घालत होता त्यांना तो आनंद कितपत होता, ते तुमच्या आईंनाच विचारा.

*

ठाण्याची_लेक · २६ सप्टेंबर, सकाळी ७.५०

विचारलं. तिचा जन्म संपानंतरचा, पण आजीकडून ऐकलेलं आहे. आजी म्हणायची, रास पडली की पहिल्यांदा आम्ही तिच्याकडे पाठ करून बसायचो. का ते आईलाही नीट सांगता आलं नाही.

*

सह्याद्री_सायकल · २६ सप्टेंबर, सकाळी ९.१०

काहीसा तिरकस मुद्दा. अशा जागांमुळे निदान जमीन शेती म्हणून राहते आणि स्थानिक पोरांना काम मिळतं, हे का विसरायचं? राज्याचं कृषी पर्यटन धोरणही २०२० पासून आहे, शेतकऱ्याला नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात. सगळेच काही वाईट नसतात.

*

बाहेरकाठा · २६ सप्टेंबर, दुपारी ३.३०

वाईट कोण म्हणतंय? शेतकऱ्याने स्वतःच्या घरात दोन खोल्या काढून पाहुणे ठेवले तर मी पहिला टाळी वाजवेन. आमच्या गावात एक ताई ठेवतात. सकाळी तांदळाची भाकरी देतात आणि दुपारी शेतावर घेऊन जातात, विळा देत नाहीत, पेंढ्या बांधायला देतात. त्यांच्याकडचे लोक परत परत येतात.

माझं म्हणणं एवढंच, की शेत दाखवायचं तर शेताच्या वेळेने दाखवा. कोजागिरीला गिऱ्हाईक येतं म्हणून हिरवं कापू नका. आणि जमीन शेती म्हणून राहते म्हणता, तर या एकदा आणि बघा. बाहेरकाठ्याला खांड (भगदाड) पडली आणि वेळेत बुजवली नाही, की उधाणाचं पाणी आत शिरतं, पुढची दोन-तीन वर्षं भात होत नाही. त्याहून जास्त राहिलं तर कांदळवन उगवतं, मग ते तोडताही येत नाही. माणकुळे, शहापूर-धेरंड इकडच्या माणसांना विचारा. अशी खचलेली जमीन विकायला किती वेळ लागतो? शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही हा कायदा आहे, पण अलिबाग तालुक्यात किती 'शेतकरी' मुंबईहून होडीने येतात ते मांडव्याच्या जेट्टीवर शनिवारी सकाळी उभं राहून मोजा.

*

उगाच_प्रश्न · २६ सप्टेंबर, दुपारी ४.००

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

*

डॉक्टरीण_बाई · २७ सप्टेंबर, रात्री १०.३०

लहान मुलं आणि वयस्कर आई बरोबर आहेत म्हणून लिहिते. रायगडात काही वर्षं सरकारी दवाखान्यात होते.

अनवाणी चिखलात उतरू देऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, पायाला जखम असेल तर जास्तच. गमबूट घाला. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरला "शेतात गेलो होतो" हे आधी सांगा. बाकी काही आठवलं नाही तरी चालेल.

रचलेल्या भाऱ्यांखाली हात घालायचा नाही. उंदरांमागे घोणस येते आणि ती पेंढ्याच्या रंगात मिसळून जाते. दंश झाला तर चिरा देणं, करकचून बांधणं, चोखणं यातलं काहीही नको. हात-पाय न हलवता सरळ रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिसर्पविष चालतं, त्यामुळे साप मारून आणण्याची गरज नाही (आणतात हो, पिशवीत, आणि कधी कधी तो जिवंत असतो). लाल विंचू चावला तरीही रुग्णालयच. त्यावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला, तेव्हा या जिल्ह्याला त्याबद्दल शिकवावं लागत नाही.

*

ठाण्याची_लेक · ७ ऑक्टोबर, सकाळी ११.००

कोजागिरी घरीच केली. गच्चीत ढग होते, चंद्र दहा मिनिटं दिसला. @पेणची_सून यांनी त्यांच्या माहेरची नव्याची जुडी एका ओळखीच्या माणसाबरोबर ठाण्याला पाठवली. मी तर कधी भेटलेही नाही त्यांना! आईने ती आधी नाकाला लावली, मग देवाला.

आता ठरलं, २५-२६ ऑक्टोबर, भाऊबीज झाली की.

*

बाहेरकाठा · २४ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

नका येऊ. तीन दिवस झोडपतोय. थोडं हळवं कापून आडवं टाकलेलं होतं माझ्या चुलत्याचं, ते पाण्यात तरंगतंय, कोंब येतील. माझं उभं आहे पण अर्धं लोळलं.

'पडल्या स्वाती तर पिकतील मोती' म्हणणारा नक्की घाटावरचा असणार. आम्हाला उत्तरा पाहिजे. पडल्या उत्तरा तर भात खाईना कुत्रा, तिथपर्यंत ठीक. नंतर एक थेंब नको.

*

पेणची_सून · २४ ऑक्टोबर, सकाळी ८.००

इकडेही तेच. मोसमी पाऊस मुंबईतून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे म्हणतात. तो परतला, आणि मग विसरलेली छत्री घ्यायला पुन्हा आला.

*

तेरणेकाठचा · २४ ऑक्टोबर, सकाळी ९.२५

आमचं सोयाबीन सप्टेंबरातच गेलं. काय बोलणार. सांभाळा.

*

बाहेरकाठा · ४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

@ठाण्याची_लेक, ऊन पडलंय. वाफसा यायला दोन दिवस लागतील. शनिवारी ८ तारखेला कापायला घेतोय. पाच माणसं सांगितलीत, तीन येतील. आईंना आणा. लोळलेलं भात आहे, दिसायला काही सुंदर नाही, आधीच सांगतो.

*

ठाण्याची_लेक · १० नोव्हेंबर, रात्री ११.१५

जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण या धाग्यामुळेच घडलं.

सकाळी साडेसहाला ठाण्याहून निघालो. वडखळपर्यंतच्या महामार्गाबद्दल काही लिहीत नाही, माझा रक्तदाब. नऊच्या सुमारास पोचलो तर कापणी अर्धी झालेली. ऊन चढायच्या आत जेवढं होईल तेवढं, असा हिशेब.

फोटोत दिसते तशी पिवळी भिंत वगैरे नव्हती. भात एका बाजूला झोपलेलं, त्यातून मूठ धरायची म्हणजे आधी बोटांनी विंचरायचं. कापणारी तीन माणसं, त्यांत दोन कातकरी नवरा-बायको, शिवाय @बाहेरकाठा आणि त्यांच्या बायको. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'वैभव' विळा वापरत होते, हलका, जमिनीलगत कापतो. कापलेल्या मुठी तिथेच पसरत जायच्या, एक-दोन उन्हं दाखवून मग भारे बांधायचे. चिखल अजून होताच. हार्वेस्टर का नाही आणत, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. एक तर तो या चिखलात रुतेल, आणि वर पेंढ्याचा चुरा करून टाकेल, असं उत्तर आलं. पेंढा म्हणजे गुरांची वैरण, आणि उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्यांत घालायला बागवाले विकत नेतात.

मुलांना विळा मिळाला नाही. सरवा गोळा करायला लावलं, म्हणजे गळून पडलेल्या लोंब्या वेचायच्या. धाकटी अर्ध्या तासात कंटाळली, थोरला मात्र दुपारपर्यंत खाली वाकून. एका टोपलीत त्याने जे जमवलं त्याचे तांदूळ किती होतील, असं विचारत होता. "तुझ्या दोन घासांचे," असं त्या कातकरी बाईंनी सांगितलं. त्यावर तो गप्पच झाला.

आई बांधावर पोत्यावर बसली होती. तिने विळा मागितला. मी नको म्हणणार तेवढ्यात @बाहेरकाठा यांनी दिलाही. उलटसुलट करून बघितला, म्हणाली लई हलका हाय, आणि बाजूला ठेवला. मग एक लोंबी ओढली. दाणा दाताखाली धरला. कट्ट असा आवाज आला, मला दोन हात लांबून ऐकू आला. तिने काही म्हटलं नाही. तसेच सात-आठ दाणे एकेक करून फोडून खाल्ले, साली बाजूला थुंकत.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं. @बाहेरकाठा यांच्या आई आणि माझी आई यांनी ओळख काढायला सुरुवात केली, तर तिसऱ्या नावावर नातं निघालं. मग आम्हाला कुणी विचारलं नाही.

पैसे द्यायचा प्रयत्न केला. घेतले नाहीत. त्या ताईंचा (पाहुणे ठेवतात त्या) नंबर मात्र घेतला आहे, पुढच्या वेळी मुक्काम तिथेच. आणि त्या दोघा मजुरांना मुलांनी आणलेला फराळ दिला. ती दोघं पुढच्या आठवड्यात भट्टीवर जाणार आहेत, बरोबर त्यांची मुलगी, माझ्या धाकटीएवढी. शाळेचं विचारलं. तिचे वडील हसले, उत्तर दिलं नाही. हे मला अजून पचलेलं नाही.

*

जुना_कुलाबकर · ११ नोव्हेंबर, सकाळी ७.००

शेवटचा परिच्छेद महत्त्वाचा. खळ्यावर माप घालणारा खोत गेला, पण खळ्यावरून रिकाम्या हाताने उठणारं कुणीतरी अजून आहेच. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

*

सह्याद्री_सायकल · ११ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

मी आधी जे लिहिलं त्यात थोडी दुरुस्ती. त्या ताईंचा नंबर मलाही खासगी निरोपाने कळवाल का? आणि सरवा वेचायचं वय किती असावं लागतं? मी बेचाळीस.

*

बाहेरकाठा · ११ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

चालेल. पाठ शाबूत पाहिजे फक्त.

@ठाण्याची_लेक, तुमच्या आईंनी जाताना आमच्या आईला सांगितलं, की झोडणीच्या आधी भारे अजून दोन दिवस वाळू देत, दाणा वाजतोय पण काडी ओली आहे. मी म्हटलं म्हातारीला काय कळतंय. काल उडवी (भाऱ्यांची रचलेली रास) उघडून बघितली तर मधले भारे गरम झालेले. सगळे काढून पुन्हा उन्हात टाकलेत.

*

ठाण्याची_लेक · ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.०५

हे तिला वाचून दाखवलं. "मंग, सांगितला होता नी," एवढंच बोलली आणि मालिका बघत बसली.

*

उगाच_प्रश्न · ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१०

पोपटीची तारीख कोण सांगणार?

*

बाहेरकाठा · ११ नोव्हेंबर, रात्री १०.००

वाल अजून टाकायचाय. शेंग भरली की सांगतो.